साखरेच्या प्रयोगातून गळालेला उन्हाळा

निरोगी उंदीर 38 अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवला की थोड्याच वेळात त्याच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन चढू लागते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे हे संप्रेरक. संकटाची चाहूल लागली की ते शरीरातला साठा मोकळा करते. उंदीर शेपटीतल्या रक्तवाहिन्या रुंद करून उष्णता बाहेर टाकतो, तोंडातली लाळ अंगभर चोपडतो, खाणे कमी करतो. गरमी दिवसेंदिवस टिकली तर त्याची थायरॉइड मंदावते आणि शरीराची भट्टीच मंद आचेवर येते. मधुमेही उंदराचे तसे होत नाही. त्याचे कॉर्टिकोस्टेरॉन पेटीत जाण्याआधीच चढलेले असते आणि थायरॉइडची संप्रेरके आधीच उतरलेली असतात. लघवीवाटे इतके पाणी गेलेले असते की लाळेलाही टंचाई पडावी. इन्सुलिन तर जवळजवळ नसतेच. उष्णतेला तोंड द्यायची जी साधने, ती उष्णता येण्यापूर्वीच खर्ची पडलेली असतात.

आज हे चार-सहा वाक्यांत सांगता येते. त्यामागे पावणेदोनशे वर्षांची साखळी आहे. तिच्यात ससे आहेत, कुत्री आहेत, वाळवंटातला एक कृंतक आहे, गायी आहेत आणि मोजता येणार नाहीत इतके उंदीर आहेत. तिचा माग काढू लागले की एक गोष्ट ठळक होत जाते. साखर आणि उष्णता हे दोन्ही प्रश्न सुरुवातीला एकाच माणसाच्या टेबलावर होते. पुढे त्यांची फारकत झाली. मधुमेहाचा प्राणी थंडगार खोलीत वाढला आणि उन्हाळा प्रयोगातून गळाला. तो परत आणण्याचे काम आता कुठे सुरू झाले आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅबच्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत. अशा देशाला तरी हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

एका टेबलावरचे दोन प्रश्न

या साखळीची पहिली कडी पॅरिसमध्ये सापडते. क्लॉद बर्नार्ड यांनी 1849 मध्ये सशाच्या मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या जमिनीवर, बारीक सुईने टोचले आणि थोड्या वेळाने त्या सशाच्या लघवीत साखर उतरली. स्वादुपिंडाला धक्का लागला नव्हता, सशाने गोडही खाल्ले नव्हते. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडते, हे बर्नार्ड यांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते. मेंदूवरच्या आघाताने यकृताचा हा साठा मोकळा होतो, असे आता दिसले. शरीरावरच्या ताणाचा साखरेशी काही संबंध आहे, याची ही पहिली प्रायोगिक खूण. 1901 मध्ये फर्डिनांड ब्लूम यांनी अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचून प्राण्यांच्या लघवीत साखर आणली, तेव्हा मेंदू आणि यकृत यांच्यामधल्या एका दुव्याचा पत्ता लागला.

याच बर्नार्ड यांनी तापवलेल्या पेट्यांत प्राणी ठेवून उष्णतेने मरण कसे येते याचाही अभ्यास केला होता. सस्तन प्राण्याच्या रक्ताचे तापमान नेहमीपेक्षा चार-पाच अंशांनी चढले की तो जगत नाही, हे त्यांनी नोंदवले. प्राण्यांच्या उष्णतेवरची त्यांची व्याख्याने 1876 मध्ये ग्रंथरूपाने आली, मधुमेहावरची 1877 मध्ये. लागोपाठच्या दोन वर्षांतले हे दोन ग्रंथ. बाहेर काहीही घडो, शरीराच्या आतले वातावरण स्थिर राखले जाते, हा त्यांचा सिद्धांत दोन्हींच्या तळाशी आहे. साखर स्थिर ठेवणे आणि तापमान स्थिर ठेवणे ही त्यांच्या लेखी एकाच व्यवस्थेची दोन कामे होती. फेब्रुवारी 1878 मध्ये बर्नार्ड वारले. त्यानंतर साखरेचा अभ्यास करणारे एका वाटेने गेले आणि उष्णतेचा अभ्यास करणारे दुसऱ्या.

कुत्र्यांची पिढी

1889 मध्ये स्ट्रासबुर्ग इथे ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्ण काढून टाकले. कुत्रे जगले, पण त्याला सारखी लघवी होऊ लागली. मिन्कोव्स्कींनी ती तपासली तेव्हा तिच्यात भरपूर साखर होती. हवा तेव्हा मधुमेह घडवता येईल असा प्राणी विज्ञानाच्या हाती पहिल्यांदाच आला होता. पुढची तीस वर्षे या कुत्र्याच्या शरीरात जे उरले नव्हते ते शोधण्यात गेली.

तो, म्हणजे इन्सुलिनचा, शोध लागला 1921 च्या टोरांटोमध्ये, आणि योगायोग असा की तो भर उन्हाळ्यात लागला. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मे महिन्याच्या मध्यावर काम सुरू केले. शस्त्रक्रियेची खोली विद्यापीठाच्या इमारतीत वर, छताखाली होती आणि उन्हाने तापत असे. सुरुवातीच्या आठवड्यांत कुत्र्यांमागून कुत्री दगावली, कधी शस्त्रक्रियेने, कधी जखम चिघळून. 30 जुलैला 410 क्रमांकाच्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा अर्क टोचला आणि तासाभरात त्याची रक्तशर्करा खाली आली. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन मिळाले. ते फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीपासून दिला गेला आणि मुलगा सावरू लागला.

या यशाच्या कथेत उन्हाळा आहे तो कुत्र्यांची दैना करणारी अडचण म्हणून. मोजण्यासारखी गोष्ट म्हणून तो तिथे नाही. कुत्र्याची साखर किती, लघवीत साखर किती, अर्क किती टोचला, याचे आकडे वहीत उतरत होते. तापलेल्या खोलीचा त्या आकड्यांत काही वाटा असेल का, हा प्रश्न त्या घाईत कोणाला पडणार? मुले मरत होती आणि औषध हवे होते. त्या घाईबद्दल मला आदरच वाटतो. मात्र पुढे घाई सरली तरी प्रश्न तसाच राहिला.

इन्सुलिनचे विरोधक

इन्सुलिन मिळाल्यावर असे वाटले होते की मधुमेह म्हणजे एका संप्रेरकाची उणीव, ती भरून काढली की झाले. 1930 च्या दशकाने ही समजूत मोडून काढली. ब्युनोस आयर्समध्ये बर्नार्दो उसाय यांनी स्वादुपिंड काढलेल्या प्राण्यांची पियुषिका ग्रंथीही काढली आणि त्यांचा मधुमेह सौम्य झाला. 1947 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला तो याच कामासाठी. 1936 मध्ये अमेरिकेत लाँग आणि ल्यूकन्स यांनी स्वादुपिंड नसलेल्या मांजरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या. त्यांचाही मधुमेह निवळला. साखर खाली आणणारे संप्रेरक एक, तर वर चढवणारी अनेक, आणि आजाराचे रूप या ओढाताणीत ठरते, हे आता उघड झाले. याआधी 1911 मध्ये वॉल्टर कॅनन यांनी भेदरलेल्या मांजराच्या लघवीत साखर दाखवलीच होती.

1936 मध्येच माँट्रियलमधून हान्स सेल्ये यांचे छोटे टिपण ‘नेचर’मध्ये आले. उंदरांना कोणत्याही प्रकारे छळले तरी शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा असतो, असे ते सांगत होते: अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. ताण ही कल्पना शरीरशास्त्रात रुजली ती या टिपणापासून. छळाचे कोणते प्रकार वापरले, याची यादी त्यात आहे: थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम, निरनिराळ्या औषधांची विषबाधा. थंडी त्या यादीत पहिली आहे. उष्णता नाही. पुढच्या काळात उष्णतेवरही प्रयोग झाले, सेल्ये यांनीही ती आपल्या मांडणीत घेतली. तरी ताणाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला तो एका थंड देशाच्या अनुभवावर.

मेंदूपासून पियुषिका आणि तिथून अधिवृक्क ग्रंथी अशी जी ताणाची साखळी सेल्येंनंतरच्या संशोधकांनी उलगडली, तिचे मधुमेहात काय होते, हे पाहणाऱ्यांत म्लादेन व्रानिच यांचे नाव मोठे. 1963 मध्ये ते चार्ल्स बेस्ट यांच्या हाताखाली काम करायला टोरांटोला आले आणि तिथेच राहिले. मधुमेही उंदरात ही साखळी शांत वेळीही चालूच असते आणि एकदा ताणली गेली की लवकर सैल होत नाही, असे त्यांच्या गटाने दाखवले. उष्णतेच्या प्रश्नात हाच मुद्दा कळीचा आहे. दुपारचा ताण रात्रीपर्यंत उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशीची दुपार आदल्या दिवसाच्या थकव्यावर येऊन पडते.

रसायनाने घडवलेला आजार

प्रत्येक प्रयोगासाठी कुत्र्याचे स्वादुपिंड कापणे अवघड आणि खर्चिक. हा आजार कुत्र्यांकडून उंदरांकडे गेला तो दोन रसायनांमुळे, आणि दोन्ही योगायोगाने सापडली.

पहिले अ‍ॅलॉक्झान. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी कोसळलेल्या घरांखाली चेंगरलेली माणसे बाहेर काढल्यावरही मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. त्याचे कारण शोधताना ग्लासगोमध्ये शॉ डन, शीहान आणि मॅक्लेची सशांना वेगवेगळी रसायने टोचत होते. 1943 मध्ये त्यांना दिसले की अ‍ॅलॉक्झान दिलेल्या सशांच्या स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी बेटे मरून गेली आहेत. शोधत होते मूत्रपिंडाचे, सापडले मधुमेहाचे.

दुसरे स्ट्रेप्टोझोटोसिन. अमेरिकेत कॅन्ससमधल्या ब्लू रॅपिड्स या गावाच्या मातीतल्या जंतूपासून अपजॉन कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस हे प्रतिजैविक वेगळे केले. कर्करोगावर त्याचा उपयोग होईल का हे तपासताना ते कुत्र्यांना आणि उंदरांना मधुमेह जडवते असे कळले. 1963 च्या त्या शोधनिबंधावर तीन नावे आहेत: राकीटेन, राकीटेन आणि नाडकर्णी. मराठी वाचकाची नजर त्या तिसऱ्या आडनावावर थांबल्याशिवाय राहत नाही. आज जगभर मधुमेही उंदीर घडवायची जी पद्धत वापरली जाते, तिच्या उगमाशी हे आडनाव आहे.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या रेणूला ग्लुकोजचा एक तुकडा जोडलेला असतो. साखर आत घेणारे जे दार स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर असते, त्याच दाराने तो आत शिरतो, पेशीचा डीएनए मोडतो आणि तो दुरुस्त करण्याच्या खटपटीत पेशी आपली सारी ऊर्जा गमावून मरते. पांढरट पूड आम्लधर्मी, थंड सायट्रेट बफरमध्ये विरघळवायची. काही मिनिटांतच तिचा जोर ओसरू लागतो, म्हणून लगेच टोचायची. मात्रा वजनाच्या दर किलोला बहुधा 50 ते 65 मिलिग्रॅम. पहिल्या काही तासांत साखर चढते. मग मरणाऱ्या पेशी साठवलेले सारे इन्सुलिन एकदम सोडतात आणि साखर धोकादायक खाली जाते. त्या रात्री पिंजऱ्यात साखरेचे पाणी ठेवले नाही तर उंदीर सकाळ पाहीलच असे नाही. तिसऱ्या दिवशी शेपटीच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त काढले की यंत्रावर डेसिलिटरमागे 250-300 मिलिग्रॅमच्या वरचा आकडा दिसतो. तोपर्यंत पिंजऱ्यातला भुसा ओलाचिंब झालेला असतो आणि पाण्याची बाटली निरोगी उंदराच्या कितीतरी पट वेगाने रिकामी होत असते. आजार असा नेमका, ठरल्या दिवशी, हव्या तितक्या उंदरांना देता येऊ लागला. ही सोय केवढी मोठी, आणि त्या मुक्या जिवावर लादलेले दुःखही केवढे, या दोन्ही गोष्टी एकत्रच लक्षात ठेवायला हव्यात.

वाळवंटातला उंदीर आणि थंड खोली

याच काळात उष्णता आणि मधुमेह एकदा पुन्हा भेटले. क्नुट श्मिट-नील्सन हे वाळवंटी प्राण्यांच्या शरीरशास्त्राचे मोठे अभ्यासक. सहारात राहून त्यांनी उंटावर प्रयोग केले होते. तहानलेला उंट घाम वाचवण्यासाठी अंगाचे तापमान दिवसभरात 34 पासून 40 अंशांपर्यंत चढू देतो, हे त्यांचे गाजलेले निरीक्षण. इजिप्तच्या वाळवंटातला वालुका-उंदीर त्यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आणला. हा प्राणी खारट, रसाळ झुडपांवर जगतो. त्याला प्रयोगशाळेतले नेहमीचे खाद्य दिले तेव्हा तो लठ्ठ झाला, त्याला मधुमेह झाला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. हे निरीक्षण 1964 मध्ये प्रसिद्ध झाले. वाळवंटी प्राणी उष्णता आणि पाणीटंचाई कशी सोसतात यावरचा त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा.

बर्नार्डनंतर दोन्ही प्रश्न पुन्हा एका माणसाच्या हाती आले होते. विज्ञानाने मात्र त्यातला आहाराचा धडा तेवढा उचलला. वालुका-उंदीर मधुमेहाचा नमुना म्हणून प्रयोगशाळांत वाढू लागला. ज्या उन्हात त्याची जात घडली, ते ऊन तिथे नव्हते.

मधुमेहाचे इतर प्राणीही थंड खोल्यांतच घडले. 1966 मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जन्मतः मधुमेहाकडे झुकलेल्या माउसचा वंश सापडला. माउस म्हणजे छोट्या जातीचा उंदीर. 1970 च्या दशकात कॅनडा आणि जपानमधून मधुमेही रॅटचे, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांचे, वंश आले, 1980 मध्ये जपानमधूनच आपोआप मधुमेह होणारा माउस आला. प्रयोग कुठेही केला तरी निकाल जुळावेत म्हणून खोलीचे तापमान बांधून घेतले गेले. अमेरिकी मार्गदर्शिका उंदरांसाठी 20 ते 26 अंश सांगते. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या, पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समितीच्या मार्गदर्शक सूचनांत 18 ते 29 अंश आहे. प्रत्यक्षात बहुतेक खोल्या 22 च्या आसपास असतात. कोट घालून काम करणाऱ्या माणसाला ते सुखाचे वाटते. माउसला मात्र सुखाचे तापमान लागते 30 अंशांच्या जवळपास. त्यामुळे 22 अंशांत तो सतत अंग तापवण्यात ऊर्जा घालवत असतो. त्याचे खाणे, चरबी, थायरॉइड, साखर हाताळण्याची पद्धत या सगळ्यांवर त्या गारठ्याची छाया पडते. म्हणजे अनेक दशके आपण ज्याला सर्वसामान्य मधुमेही माउस समजलो, तो खरे तर थंडीत कुडकुडणारा मधुमेही माउस होता.

उष्णता परत आली

उष्णता प्रयोगात परतली ती बाजूच्या दारांनी. एक दार गोठ्याचे. उन्हाळ्यात गाय कमी खाते, म्हणून दूध घटते, असे समजले जाई. अ‍ॅरिझोनात लान्स बॉमगार्ड, रॉबर्ट ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी गायींचे दोन गट केले. एक गट उकाड्यात ठेवला. दुसरा गारव्यात, पण त्याला तेवढेच खायला दिले जेवढे उकाड्यातल्या गायी खात होत्या. 2009-10 मध्ये आलेल्या निष्कर्षांनी जुनी समजूत बदलली. कमी खाण्याने दूधघटीचा फार तर निम्मा भाग समजत होता. आणखी आश्चर्य म्हणजे, उपाशी प्राण्याचे इन्सुलिन खाली येते, चरबी वितळू लागते, हा नियम असताना उकाड्यातल्या गायींत इन्सुलिन वाढत होते आणि चरबी जागची हलत नव्हती. शरीरात कमी उष्णता निर्माण व्हावी, अशी ही जुळवाजुळव असावी.

हे वाचल्यावर स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदराकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. उष्णता सोसण्यात वाढलेल्या इन्सुलिनचा हातभार असेल, तर ज्याच्या बीटा पेशीच मेल्या आहेत त्याला ती वाट बंद आहे. त्याचे शरीर चरबी जाळत राहणार, ग्लुकागॉन आणि कॉर्टिकोस्टेरॉन यकृताला साखर ओतायला लावणार, ती साखर मूत्रपिंडांतून पाणी ओढून नेणार आणि ते पाणी लाळेला कमी पडणार. पाणी धरून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन मधुमेहाने आधीच वाढलेले असते, उष्णता त्याला आणखी ताणते.

दुसरे दार जेरुसलेमचे. मिखाल होरोविट्झ यांनी उंदरांना 34 अंशांत महिनाभर हळूहळू रुळवले. त्यांची थायरॉइडची पातळी उतरली, हृदय काटकसरीने चालू लागले आणि प्राणवायूची टंचाईही ते अधिक सोसू लागले. शरीराला वेळ मिळाला तर ते उष्णतेशी जमवून घेते आणि त्यात थायरॉइडचा मोठा वाटा असतो, असा त्या कामाचा धडा.

तिसरे दार इटलीतल्या फळमाशीचे. 1962 मध्ये फेरुच्चो रितोस्सा यांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी उबवण-पेटीचे तापमान चुकून वाढवले आणि माशीच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. उष्णतेच्या आघाताने पेशी जी रक्षक प्रथिने बनवते, त्यांचा शोध तिथून सुरू झाला. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मार्क फेब्रायो यांच्या गटाने असे एक प्रथिन वाढवलेल्या माउसना लठ्ठपणातही इन्सुलिनचा गुण टिकवता येतो, हे दाखवले. 2009 मध्ये कॅन्ससमध्ये चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांच्या शरीराचा मागचा भाग आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे, 41 अंशांच्या आसपास शेकला गेला. त्यांची साखर पचवण्याची ताकद सुधारली. त्याच्या दहा वर्षे आधी कोलोराडोतल्या फिलिप हूपर यांनी मधुमेहाच्या आठ रुग्णांना तीन आठवडे रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, गरम पाण्याच्या टबात बसवले होते. त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी 182 वरून 159 वर आली.

मग उष्णता मधुमेहाला मारक की तारक? या दोन निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. वीस मिनिटांचा शेक आणि त्यानंतर सहा दिवसांचा आराम ही एक गोष्ट. रात्रीही न उतरणारा उकाडा ही अगदी दुसरी. पहिल्यात पेशीला सावरायला अवधी मिळतो आणि रक्षक प्रथिने साठतात. दुसऱ्यात ताणाची साखळी सैल व्हायला वेळच नसतो. शिवाय शेकलेल्या उंदरांना इन्सुलिन होते, फक्त ते नीट लागू पडत नव्हते. इन्सुलिनच नसलेल्या उंदराला तोच शेक तसाच मानवेल, असे गृहीत धरता येत नाही.

आकडा कसा वाचावा

म्हणूनच या विषयातला प्रत्येक आकडा जपून वाचावा लागतो. उंदीर पिंजऱ्यातून उचलल्यावर साधारण तीन मिनिटांत कॉर्टिकोस्टेरॉन चढू लागते. रक्त त्याआधी काढले नसेल, तर आकडा उष्णतेचा की हाताळणीचा, हे सांगता येत नाही. दिवस मावळताना ते मुळातच सर्वांत जास्त असते, म्हणून वेळही तीच हवी. उंदराचे मुख्य ताण-संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन आहे, माणसासारखे कॉर्टिसॉल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. थायरॉइड उतरलेली दिसली तर दोष मधुमेहाचा, उष्णतेचा की कमी खाण्याचा? ते ठरवायला चार गट लागतात: गारव्यातला निरोगी, उकाड्यातला निरोगी, गारव्यातला मधुमेही, उकाड्यातला मधुमेही. आणि गायींच्या प्रयोगाप्रमाणे आणखी एक, गारव्यात राहून उकाड्यातल्यांइतकेच खाणारा. यातला एक गट वगळला तरी निष्कर्ष लंगडा पडतो.

हे सारे तपशील प्रयोगशाळेपुरते नाहीत. शिकागोतल्या 1995 च्या उष्णतेच्या लाटेत मधुमेही माणसांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण वाढले होते. सॉनात बसलेल्या माणसाच्या कातडीखालून इन्सुलिन अधिक वेगाने रक्तात जाते, हे फिनलंडमध्ये 1980 मध्येच मोजले गेले. म्हणजे तीच मात्रा भर उन्हात साखर अचानक खाली आणू शकते, आणि पाणी कमी पडले की तीच साखर वर उसळते. आपल्याकडे घरात फ्रिज नसेल तर इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून माठात ठेवायची रीत आहे. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत तापमान 25 ते 37 अंशांमध्ये चढत-उतरत असतानाही इन्सुलिन चार आठवडे टिकते, असे 2021 च्या अभ्यासाने दाखवले आणि अशा रीतीमागच्या शहाणपणाला आधार मिळाला. औषध उष्णतेत टिकते का, हे निदान तपासले गेले. ते घेणारे शरीर त्या उष्णतेत कसे वागते, याचा अभ्यास त्या मानाने फार तोकडा आहे.

हा अभ्यास आपल्याकडे होऊ शकतो. चित्तरंजन याज्ञिक आणि आनंदवर्धन हर्डीकर या, पुण्याशी नाते असलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने 2015 मध्ये पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. त्या उंदरांवर स्ट्रेप्टोझोटोसिनचा परिणाम आठपट सहज होत होता आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घालूनही तो दोष गेला नाही. भारतीय माणसाला मधुमेह लवकर का गाठतो, या प्रश्नाला आपल्या इतिहासातल्या भुकेची बाजू आहे, हे त्या कामाने ठसठशीतपणे मांडले. थंड देशातून आलेला प्राण्याचा नमुना आपल्या परिस्थितीत आणून तपासला की काय हाती लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जे भुकेबद्दल झाले ते उन्हाबद्दल व्हायला हवे. चंद्रपूर, अकोला, नागपूर, जळगाव इथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास पोचतो आणि रात्रही फारशी निवत नाही. तिथे मधुमेह घेऊन शेतात, वीटभट्टीवर, पत्र्याच्या छपराखाली राबणाऱ्या माणसाला जे सल्ले दिले जातात, त्यांच्या मुळाशी 22 अंशांत वाढलेल्या प्राण्यांवरचे ज्ञान आहे. मधुमेहावरच्या प्रत्येक प्राणी-प्रयोगाने आपल्या खोलीचे तापमान आणि आर्द्रता ठळकपणे छापावी. तासभराची गरमी आणि महिनाभराचा उन्हाळा हे वेगळे प्रयोग मानावेत. विदर्भातल्या दिवसरात्रीप्रमाणे चढणारी आणि अपुरी उतरणारी उष्णता पेटीत उभी करावी, आणि त्यात नरांइतकेच मादीचेही मोजमाप घ्यावे. ज्या प्राण्याला आपण मुद्दाम आजारी पाडतो, त्याच्याकडून मिळालेला आकडा अर्धवट असू नये एवढी जबाबदारी आपल्यावर येतेच. आणि ज्या रुग्णासाठी हे सारे चालले आहे, त्याच्या हवेत तपासलेले ज्ञानच त्याच्या डॉक्टरच्या हाती असले पाहिजे. बर्नार्ड यांनी साखर आणि उष्णता एकाच शरीराचे प्रश्न म्हणून पाहिले होते. मधुमेहाचा विचार उष्ण देशात करायचा असेल तर तो तसाच करावा लागेल.